म्हसोबाच्या वळणावरची सासू

दिघी, ३ फेब्रुवारी २०२५

रविराज,

चिरंजीव लिहायला पेन टेकवलं होतं, पण हात पुढे गेला नाही. नुसतं नाव पुरे.

व्हॉट्सअ‍ॅपवर मी गेला आठवडाभर लिहिते आहे. तिथे निळ्या खुणा उमटतात, म्हणजे तू वाचतोस, आणि वाचून मूग गिळून बसतोस. म्हणून हे पत्र रजिस्टर पोस्टाने पाठवते आहे. पोस्टमनपुढे सही करताना तुला आपलं आडनाव लिहावं लागेल. तेच आडनाव सध्या पोलीस ठाण्याच्या कागदावर आरोपीच्या रकान्यात चढलं आहे, एवढं त्या निमित्ताने आठवलं तरी पुष्कळ झालं.

सावळाराम तात्यांच्या बसला अपघात झाला. कोण तात्या, असं विचारू नकोस. आई-वडील गेल्यावर ज्यांनी आपल्या दोघांना पोटच्या पोरांसारखं वाढवलं, ते आपले चुलते. तिसरी शिफ्ट सुटल्यावर कामगारांना घेऊन निघाले होते. म्हसोबाच्या वळणावर त्यांचा डोळा लागला, बस रस्ता सोडून खाली उतरली आणि तानुबाईच्या पोह्यांच्या टपरीत शिरली. बसमधल्यांचं खरचटण्यावर निभावलं. तानुबाई मात्र मांडीचं हाड मोडून पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात पडून आहे. तात्यांच्या कपाळाला टाके पडले. डोळा लागला होता, हे त्यांनी बसमधून उतरता उतरताच सगळ्यांसमोर सांगून टाकलं. त्यांना लपवाछपवी जमत नाही. ती आपल्या घरात एकालाच जमते.

आणि हे सगळं तुला माझ्या आधी कळलेलं आहे. त्या बसच्या डॅशबोर्डवर तुझ्या कंपनीचं मशीन आहे, ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे टक लावून बघणारं. डोळे मिटले किंवा मान खाली गेली की ते किंचाळतं. सगळे ड्रायव्हर त्याला सासू म्हणतात. दिवसभर तोंडाकडे बघत बसते आणि जरा चुकलं की घर डोक्यावर घेते, म्हणून. त्या सासूच्या खात्याचा तू साहेब. अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी तुझी माणसं येऊन मशीनमधली माहिती काढून घेऊन गेली. बसमालकाकडे गेली, पोलिसांकडे गेली, मोडक्या टपरीचे फोटोही काढून गेली. तात्यांच्या घरी मात्र कुणी फिरकलं नाही.

तू जर्मनीला असतास तर मी समजून घेतलं असतं. तू पुनावळ्याला राहतोस. तळवड्यावरून चाकणच्या ऑफिसला जाताना रोज तेच वळण ओलांडतोस. तानुबाईची कढई अजून तिथे उलटी पडली आहे. तुझ्या गाडीला चारी बाजूंनी कॅमेरे आहेत म्हणे. त्यातल्या एकात तरी ती येत असेल.

मला हसू येतं रे. मी इथे दिघीत बायकांना गाडी शिकवते. माझ्याकडे नातवंडं असलेल्या बायका येतात, त्या रिव्हर्स तुझ्यापेक्षा बरा घेतात. लायसन्सच्या परीक्षेत तू दोनदा आपटलास. मग तात्यांनी रजा टाकून तुला शिकवलं, तुझी क्लचवरची धडधड सहन केली, आणि तू पास झालास तेव्हा वाडीभर पेढे वाटले. आता तू टाय लावून लोकांना सुरक्षितता शिकवतोस आणि टेंभा मिरवतोस.

तुझ्या वास्तुशांतीला तात्या ड्युटीवरून थेट आले होते, खाकी कपड्यांत. तुझ्या कंपनीतल्या लोकांना तू काय सांगितलंस? ‘हे आमचे जुने ड्रायव्हर.’ मी ताटावरून उठले ती अजून तुझ्या घरची पायरी चढले नाही. तात्या तेव्हाही हसले होते. ‘डायवरच हाय की मी, त्यात काय खोटं बोलला त्यो?’ म्हणाले, आणि जिलबी मागून घेतली.

आताही त्यांची काही तक्रार नाही. ‘त्याला कामं असत्यात,’ एवढंच म्हणतात. तक्रार माझी आहे. घरी येऊन जा.

अनिता


दिघी, ११ फेब्रुवारी

रविराज,

तुझं उत्तर पोचलं. उत्तर कसलं, ईमेल. ‘ताई, मॅटर लीगलकडे आहे, त्यामुळे मी कमेंट करू शकत नाही. प्लीज इमोशनल होऊ नकोस. टेक केअर.’ तात्यांच्या कपाळावरचे टाके मी कळवले होते, कमेंट मागितली नव्हती. दूधवाल्याला उद्या दूध नको असं सांगताना माणूस याहून जास्त जीव लावतो.

तुमच्या कंपनीने पोलिसांना दिलेला खुलासा मी बघितला. फौजदारांनी तात्यांना वाचून दाखवला तेव्हा मी शेजारीच होते. यंत्र सुस्थितीत होते, असं एक वाक्य. चालक झोपला होता, असं दुसरं. या दोन वाक्यांच्या मध्ये जे लिहायला हवं ते कुठेच नाही. यंत्र वाजलं की नाही? एवढं सोपं विचारलं तर शेंबडं पोरही हो किंवा नाही म्हणेल. तुमच्या खुलाशात मात्र इकडून तिकडून मखलाशी आहे, आणि खाली सही तुझी.

पुनम त्या दिवशी ड्रायव्हरच्या मागच्याच सीटवर होती. ही माझी विद्यार्थिनी, वायरिंगच्या कारखान्यात आहे. बाकी बस झोपली होती, ही आईशी फोनवर बोलत होती. ती शपथेवर सांगते, टपरीला धडक बसेपर्यंत कसलाही आवाज आला नाही.

आता ऐक, तात्यांनी पोलिसांना काय लिहून दिलं. मशीन वाजलं असेल, मलाच ऐकू आलं नाही. मी ठाण्याच्या पायऱ्यांवरच त्यांना धरलं.

‘तात्या, पुनम म्हणते वाजलं नाही.’

‘पोरगी फोनवर हुती. तिला काय ऐकू येतंय?’

‘आणि तुम्हाला?’

‘मला आलं न्हाई. म्हंजी माझं कान गेलं. पोरानं केल्यालं मशीन हाय, वाजलं असंलच.’

‘अहो, पण नसेल वाजलं तर?’

‘अने, त्याला निजणं आन् नमस्कार ह्यातला फरक कळतोय. रव्यानं माझ्यासमोर बसून शिकीवलंय त्याला. माणूस खरंच निजला, तर त्ये गप ऱ्हाईल व्हय?’

तुला आठवतंय ना, ही ‘शिकीवलंय’ची गोष्ट? तात्या ती येईल त्याला सांगतात. सासू नवी होती आणि तात्यांच्याच डेपोतल्या बसवर तुमची चाचणी चालली होती. आपल्याकडचा ड्रायव्हर देवळापुढून जाताना स्टिअरिंगवरचा हात उचलतो, कपाळाला लावतो, डोळे मिटून मान झुकवतो. सासूला ती झोप वाटायची. म्हसोबाला किंचाळायची, मारुतीला किंचाळायची, दर्ग्यापाशी किंचाळायची. तात्यांच्या जोडीचा ड्रायव्हर भीमराज पिंपरीत पुतळ्यापाशी हात जोडतो, तिथेही. ड्रायव्हर लोक सासूवर टोपी घालून ठेवायला लागले आणि तुमचे गोरे साहेब तुझ्यावर डाफरले. तेव्हा तुला आपलं घर आठवलं. महिनाभर तू तात्यांच्या शेजारी बसून त्या सगळ्या रस्त्यांवर फिरलास. कुठे हात जोडतात, कुठे मान झुकवतात, एकेक जागा तात्यांनी तुला दाखवली. काकू रोज डबा द्यायची तुमच्या दोघांचा. त्यानंतर नमस्काराला सासू गप्प राहायला लागली. तू तात्यांना म्हणालास, ‘तात्या, आता हिला नमस्कार कळतो.’ त्यांचा ऊर कसा भरून आला होता ते मी बघितलं आहे.

तू त्या कामावर मोठा झालास, परदेशात भाषणं ठोकलीस. पडद्यावर तात्यांचा हात जोडलेला फोटो लावलास आणि खाली लिहिलंस ‘ग्रामीण वापरकर्ता’. असो.

मला तुझ्याकडून एकच गोष्ट हवी आहे. तात्यांचं लायसन्स जायची वेळ आली आहे. बसमालकाने आधीच घरी बसवलं आहे. झोप लागली ही त्यांची चूक, आणि ती ते नाकारत नाहीत. पण मशीन बोंबलत होतं तरी हा म्हातारा जागा झाला नाही, असं जर नोंदलं गेलं, तर ते बेफिकीर ठरतात, आणि वर स्वतःला बहिरे समजून बसले आहेत. ते तुझं ऐकतील. त्यांना येऊन सांग, तुमचे कान ठीक आहेत, मशीन वाजलं नव्हतं. किंवा वाजलं होतं तर तसं सांग. पण काहीतरी सांग. तोंडात मिठाची गुळणी धरून किती दिवस बसशील?

अनिता


दिघी, २२ फेब्रुवारी

रविराज,

तात्यांना पिंपरीच्या दवाखान्यात कानाच्या तपासणीला नेलं. नाहीतरी ते रोज तिथे जातातच, तानुबाईला काकूच्या हातचा डबा घेऊन. पहिल्या दिवशी तानुबाईने तोंड फिरवलं होतं. आता जेवते. परवा मला म्हणाली, ‘डायवर येतो रोज. त्यो मशीनवाला कुठं हाय?’ मी म्हटलं, तो लीगलकडे आहे. तिला वाटलं तेही एखादं गाव असेल.

कानाची डॉक्टर अंजली नावाची तरुण मुलगी आहे. तिने तात्यांना काचेच्या खोलीत बसवलं, कानांवर डबे चढवले, बारीक बारीक आवाज ऐकवले. बाहेर आल्यावर म्हणाली, ‘आजोबा, तुमचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत.’ माणूस आनंदी झाला असता. तात्यांचा चेहरा पडला. पुन्हा तपासा म्हणाले. तिने पुन्हा तपासलं, तेच निघालं. रिक्षात बसल्यावर म्हणतात, ‘हितं शांततेत ऐकू येतंय गं. बसच्या घरघरीत येत नसंल.’ त्यांनी ठरवूनच टाकलं आहे. बिघाड असेल तर तो त्यांच्यात, तुझ्या मशीनमध्ये असूच शकत नाही. एखाद्याने आपल्यावर असा विश्वास टाकला तर मला झोप लागली नसती. तुला लागत असेल, तुझ्याकडे बघायला कोण सासू बसली आहे?

आणि काल तुझं पार्सल आलं.

मी दारातच उघडलं. मला वाटलं, दोन ओळी तरी असतील. आत कानात घालायचं मशीन. चांगल्यातलं, परदेशी, मखमलीच्या डबीत. सोबत कंपनीचं छापील कार्ड, लवकर बरे व्हा. तुझ्या हातचं अक्षर एकही नाही.

मी तुला लिहिलं होतं की त्यांना येऊन सांग, तुमचे कान ठीक आहेत. तू त्यांना कानाचं मशीन पाठवलंस. मी डबी पुन्हा बांधून परत पाठवणार होते, पण तोवर तात्या मागे येऊन उभे राहिले होते. ‘रव्यानं धाडलंय?’ त्यांचे डोळे असे लकाकले की मी डबी त्यांच्या हातात दिली. तेव्हापासून ते कानात आहे. चांगल्या कानात ते घातल्यावर काय होणार? काकूच्या बांगड्या वाजल्या तरी ते दचकतात. कुकरची शिट्टी झाली की दोन्ही हातांनी डोकं धरतात. पण काढत नाहीत. शेजारचा ज्योतीराम विचारपूस करायला आला होता, तोही स्टाफबसवरच आहे. त्याला कान वळवून दाखवलं. ‘पुतण्यानं धाडलंय. त्यो असल्याच कामात हाय, मशिनीच्या.’

मला तुझा राग येतो हे नवीन नाही. या वेळी मात्र रागाच्या खाली आणखी काहीतरी आहे, त्याला अजून नाव सापडत नाही. एवढ्या तत्परतेने तू आपल्या घरासाठी कधी काही केलेलं नाहीस. तू का केलंस, हे मला कळायला हवं आहे.

अनिता


दिघी, ६ मार्च

रविराज,

नाव सापडलं. शरम. तुला नाही ती मलाच वाटते आहे.

शनिवारी तुझी पोरं लॅपटॉप घेऊन बसच्या डेपोत आली. छोटं अपडेट आहे म्हणाली, प्रत्येक बसला वायर लावून गेली. कुणी लक्ष दिलं नाही. सोमवारी सकाळची शिफ्ट निघाली आणि म्हसोबाच्या वळणावर पहिल्या बसमध्ये सासू किंचाळली. ड्रायव्हर बिचारा जागा होता, हात जोडत होता. मागच्या बसमध्ये किंचाळली, तिच्या मागच्या बसमध्येही. मारुतीपाशी, दर्ग्यापाशी, जिथे जिथे माणसं मान झुकवतात तिथे तिथे. भीमराज म्हसोबाला हात जोडत नाही, त्याची बस वळणावर गप्प गेली, पण पिंपरीत पुतळ्यापाशी जी बोंब ठोकली की मागे बसलेली माणसं उभी राहिली.

दुपारी सगळे डेपोत जमले आणि तुझ्या नावाने शिमगा केला. ऐन शिमग्याच्या आधीच. मग भीमराज म्हणाला, ‘थांबा राव. हिला नमस्कार कळत होता ना? मग एका शनिवारात विसरली कशी?’

ज्योतीरामची बस त्या शनिवारी क्लचच्या कामासाठी गॅरेजला होती. तिला तुमचं अपडेट मिळालंच नव्हतं. जुनीच सासू. मंगळवारी दुपारी रस्ता रिकामा असताना हे सगळे ती बस घेऊन वळणावर गेले. भीमराज ड्रायव्हरच्या जागी, बस पहिल्या गिअरमध्ये, शेजारी वाकून ज्योतीरामने स्टिअरिंग धरलेलं. माझ्या ट्रेनिंग स्कूलमध्ये कुणी असला आचरटपणा केला असता तर मी कान उपटले असते. भीमराजने डोळे मिटले, मान टाकली, वर घोरून दाखवलं. सासू गप्प. अख्खं वळण संपेपर्यंत गप्प. वळण मागे पडलं, पेट्रोल पंप आला, त्याने पुन्हा तसंच केलं. ताबडतोब किंचाळली. परत आले. वळणावर गप्प, पंपापाशी बोंब. मारुतीपाशी तेच, दर्ग्यापाशी तेच. शेवटी फौजदारांनाच बोलावून बसवलं. ते स्वतः स्टिअरिंगमागे बसून डोळे मिटून आले.

संध्याकाळी भीमराज माझ्याकडे आला. ‘अनिताताई, हिला नमस्कार-बिमस्कार काही कळत नव्हता. तुमच्या भावाने त्या जागा लिहून घेतल्या आणि तिथं तिथं हिचं तोंडच बंद करून ठेवलं. तिथं माणूस मेला तरी ही बोलणार नव्हती.’



म्हणजे तू तात्यांच्या शेजारी महिनाभर बसलास, काकूचा डबा खाल्लास, एकेक देऊळ विचारून घेतलंस, आणि त्यांनी दाखवलेल्या प्रत्येक जागी मशीनला आंधळं केलंस. साहेबांना सांगितलंस, नमस्कार ओळखता येतो. तात्यांना सांगितलंस, हिला कळतो. ज्या माणसाने तुला ती जागा दाखवली, तोच माणूस त्या जागी झोपला. तू शिकवलंस काय? काही नाही. आळशी पोर अवघड गणित सोडून पुढे जातं तसा पुढे गेलास, आणि त्यावर टाळ्या घेतल्यास.

पण तेही मी गिळलं असतं. कंपनीची घाई असेल, साहेबांचा धाक असेल, माणूस चुकतो. अपघात झाल्याबरोबर तुला कळलं होतं की मशीन वाजलेलं नाही. वाजणारच नव्हतं. तरी तू सही केलीस. माझ्या पत्रात वाचलंस की तात्या स्वतःला बहिरे समजतात, आणि त्या चुकीच्या समजुतीला तू मखमलीच्या डबीत घालून परदेशी मशीन पाठवलंस. चांगल्या कानांच्या माणसाला! आपलं मुकं मशीन झाकायला तू त्यांना बहिरं केलंस. रविराज, मी आजवर बरेच नालायक बघितले. लाच देऊन लायसन्स काढणारे बघितले, प्यायलेले बघितले. त्यांच्यातल्या एकानेही असं काही बापाच्या कानात घातलं नाही.

आणि तुमची हुशारी ती काय! गुपचूप सगळं पूर्ववत करून ठेवू, कुणाला कळणार नाही. अरे, माणसं नमस्कार करायची थांबतील असं वाटलं का तुला? तू इथलाच ना?

फौजदार म्हणतात, तात्यांनी जबाब बदलून द्यावा, की आवाज आलाच नव्हता. इतरांचे जबाब झाले आहेत. तात्या तयार नाहीत. ‘भीमराज मस्करी करतोय,’ म्हणतात. ‘पोराच्या कामावर आळ घ्याचा न्हाई.’ मी आता त्यांना काय सांगू?

अनिता


दिघी, २० मार्च

रविराज,

हे शेवटचं पत्र. यात मी तुला शिव्या देणार नाही, कारण त्यासाठीही काहीतरी नातं लागतं.

काल मी तात्यांना गाडीत घालून वळणावर घेऊन गेले. सांगितलं नाही कशासाठी. तानुबाईची टपरी होती तिथे, म्हसोबाच्या दगडासमोर, दोघं कट्ट्यावर बसलो. अजून बरेच ड्रायव्हर सवयीने मान झुकवतातच. खिडक्या उघड्या होत्या. पहिली बस आली, आतून सासू कर्कश ओरडली. तात्या दचकले. कानातलं तुझं मशीन त्यांनी काढून हातात घेतलं. मला वाटलं, आवाज सहन झाला नाही. पण ते मुद्दामच काढलं होतं. दुसरी बस आली. ती रस्त्याच्या पलीकडून गेली, इंजिनची घरघर, मागे ट्रकचा हॉर्न, तरीही ओरडणं स्वच्छ ऐकू आलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. तिसरी आली. चौथी आली.

‘येतंय की मला ऐकू,’ म्हणाले.

‘हो तात्या.’

‘त्या दिशी असं काय वाजलं न्हवतं, अने. ह्ये वाजलं असतं तर मी उठलो असतो. तानुबाईचा पाय वाचला असता.’

ते म्हसोबाकडे बघत बसले. मी त्यांना कधी रडताना बघितलं नाही, कालही ते रडले नाहीत. हातातलं मशीन मात्र सारखं उलटसुलट करत होते. मग मी ज्याची पंधरा दिवस भीती धरून होते ते त्यांनी विचारलं.

‘रव्याला ठावं हुतं का गं?’

तुला मी किती तुच्छ मानते ते चार पत्रांत लिहिलं आहे. त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही. तुझं सगळं सांगून टाकायला मी आसुसले होते. पण त्या म्हाताऱ्याच्या तोंडाकडे बघून मला ते जमलं नाही. मी म्हणाले, ‘नाही तात्या. त्याला ठाऊक नव्हतं.’

तुझ्यासाठी नव्हतं ते. तुझं काय व्हायचं ते होवो. त्यांच्यासाठी होतं.

त्यांना हलकं वाटलं. अगदी डोळ्यांदेखत. कपाळावर टाक्यांची खूण आहे तिथे हात फिरवला आणि म्हणाले, ‘मंग त्याला सांगाया पायजे. पोराला अजून कळलंच न्हाई की त्याचं मशीन हितं गप बसत हुतं. दुसऱ्या कुनाचा डोळा लागायच्या आदी सांगाया पायजे.’

मी म्हटलं, तुमचा जबाब आहे सोमवारी, आधी तिथे सांगा.

‘न्हाई न्हाई. पोलिसांच्या आदी घरच्याला. त्याची नोकरी हाय. त्याला मागनं कळलं तर वाईट वाटंल.’

तेव्हा आता तुझ्या लक्षात आलं असेल. हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवते आहे, उद्या-परवा हातात पडेल. या रविवारी सकाळी तात्या तुझ्याकडे येत आहेत. जबाब त्यानंतर, सोमवारी. माझ्याबरोबर नको म्हणाले, बसने येतील, एकटेच. काकूने तुझ्यासाठी डबा करायला घेतला आहे. कानाचं मशीन डबीत घालून परत आणत आहेत, कारण ते महागाचं असतं आणि तुझ्या उपयोगी पडेल, असं त्यांना वाटतं. काल संध्याकाळपासून ते अंगणात फेऱ्या मारत बोलून बघत आहेत. तुझ्या मशीनमध्ये खोट आहे हे तुला कसं सांगावं, म्हणजे तुझं मन दुखावणार नाही.

रविवारी घरी राहा. दार तू स्वतः उघड.

अनिता